लेकराबाळांसह रोव्हानिएमी

रोव्हानिएमीला येणाऱ्या बहुतेक कुटुंबांच्या हातात एकच यादी असते: सांता, रेनडियर, हस्की (बर्फावरची गाडी ओढणारी कुत्री), अरोरा (रात्रीच्या आकाशात दिसणारा रंगीत उजेड). आणि ती बहुधा एका दिवसात उरकायची असते. दुपारी अडीचच्या सुमाराला त्या यादीचं काय होतं ते आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांमुळे मी बऱ्याचदा पाहिलं आहे. बाहेर उणे अठरा, उजेड मावळलेला, धाकटा बर्फात फतकल मारून रडतोय, थोरलीचे मोजे ओले, आणि रस्ता बघायला बाबांनी खिशातून फोन काढावा तर तो गारठून बंद पडलेला.

खरं तर गाव छोटं. फिनलंडच्या लाप्लांड प्रांताची राजधानी असली तरी वस्ती सुमारे ६५ हजार. केमियोकी आणि ओउनासयोकी या दोन नद्यांच्या संगमावर वसलेलं, आणि मधला भाग पायीच फिरावा इतका आटोपशीर. इथे अंतर आडवं येत नाही. आडवे येतात थंडी आणि उजेड. म्हणून मुलं बरोबर असतील तर माझा हिशेब सरळ आहे: दिवसाला बाहेरची एकच मोठी गोष्ट, आणि तिच्या मागेपुढे एक उबदार छप्पर. खाली सगळं त्याच क्रमानं मांडलंय.

आधी महिना ठरवा

डिसेंबरात यायचं असेल तर दोन गोष्टी मान्य करून या. एक, २१ डिसेंबरच्या आसपास सूर्य क्षितिजावर जेमतेम सव्वादोन तास असतो. पुढेमागे निळसर संधिप्रकाश बराच वेळ रेंगाळतो आणि तो सुंदरच असतो, पण मुलांचं शरीर दुपारी तीनलाच ‘रात्र झाली’ असं धरून चालतं. दोन, राहण्याचे दर आणि सांताची रांग दोन्ही वर्षातल्या सगळ्यात वरच्या टोकाला असतात.

माझं ऐकाल तर मार्चमध्ये या. बर्फ भरपूर, दिवस बारा तासांचा, ऊन लखलखीत, आणि आकाश निरभ्र असेल तर रात्री अरोराही दिसू शकतो. सांता वर्षभर भेटतो. तो काही नाताळ संपला म्हणून गाव सोडून जात नाही.

६ जून ते ७ जुलैच्या दरम्यान इथे सूर्य मावळतच नाही. ऐकायला गंमत वाटते, पण रात्री अकरा वाजता चार वर्षांच्या पोराला ‘झोप आता’ म्हणून बघा. जाड पडदे आहेत का, हे खोली घेतानाच विचारा. जूनच्या अखेरीपासून जंगलात डासही उठतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. सप्टेंबरात जंगल लालपिवळं होतं. त्या रंगांना इथे ‘रुस्का’ म्हणतात. डास गेलेले असतात आणि गर्दी अजून आलेली नसते.

मग कपडे, आणि घालण्याचा क्रम

हिवाळ्यात येणाऱ्यांनी ही पायरी गाळू नये. बाकी काहीही चुकलं तरी निभावतं, कपडे चुकले की परत खोलीवर.

अंगाला लागून मेरिनो लोकरीचा थर. सुती बनियन नको, कारण सूत घाम धरून ठेवतं आणि मग तोच घाम गार पडतो. त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा दुसरा थर. सगळ्यांत वर मुलांसाठी अखंड बर्फसूट. इथे त्याला ‘तोप्पाहालारी’ म्हणतात. जाकीट आणि विजार असे वेगळे प्रकार लहानांना नकोत, पडलं की मधल्या फटीतून बर्फ पाठीत जातो. पाच बोटांचे हातमोजे घेऊ नका. चारही बोटं एकत्र राहतील असे घ्या, म्हणजे बोटंच एकमेकांना ऊब देतात. बूट एक माप मोठे हवेत, जाड लोकरी मोजा घालूनही आत बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले तर पाय जास्तच गारठतो. हे भल्याभल्या मोठ्यांनाही पटत नाही.

आता क्रम. सर्वांत आधी सगळ्यांनी संडास-बाथरूमला जाऊन यायचं. नाहीतर चार थर चढवून, चेन गळ्यापर्यंत ओढून, टोपी बांधून झाली की ते वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आई, शू.’ त्यानंतर मोठ्यांनी आपापले कपडे घालायचे. मुलांचं सगळ्यांत शेवटी, दाराशी. उलटं केलं तर तुमचे बूट शोधून होईपर्यंत पोर सूटमध्ये घामानं भिजतं, आणि बाहेर पडल्यावर दहा मिनिटांत हुडहुडी भरते. हातमोजे सुटाच्या बाहीच्या आत की बाहेर यावर घरोघरी वाद आहेत. आमच्याकडे आत, कारण मनगटावर बर्फ शिरत नाही.

चेहऱ्याला पाण्याचा अंश असलेलं क्रीम नको, तेलकट मलम लावा. फोन आतल्या खिशात, अंगाशी ठेवा. अंधारात रस्त्यावर चालताना कपड्याला लटकवायचा चमकता तुकडा, ‘हेइयास्तिन’, प्रत्येकाच्या अंगावर हवाच. इथे आजीबाईंपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे लावतात.

हे सगळं चार दिवसांसाठी विकत घेणं परवडत नाही. गावात भाड्यानं मिळतं, आणि हस्की वगैरेच्या सफारी घेतल्यात तर वरचा सूट आणि बूट बहुतेक वेळा त्या पैशांतच देतात. राहायलाच आला असाल तर ‘किर्प्पिस’ गाठा, म्हणजे जुन्या वस्तूंचं दुकान. मुलं वर्षात वाढतात, त्यामुळे जेमतेम एक हिवाळा वापरलेले सूट तिथे निम्म्याहून कमी पैशांत मिळतात. जाताजाता सुपरमार्केटमधून एक ‘पुल्का’ घ्या. ही प्लास्टिकची घसरगाडी, दोरीनं ओढायची. बर्फात बाबागाडीची चाकं रुततात, पुल्का पळते, आणि दमलेलं पोर तिच्यातच झोपीही जातं.

पहिला दिवस गावातच

पहिल्या दिवशी सांताकडे धावू नका. प्रवासाचा शीण असतो आणि थंडीची सवय व्हायची असते.

सकाळी आर्क्टिकुम. १९९२ साली उघडलेलं हे संग्रहालय नदीकाठी आहे आणि त्याची १७२ मीटर लांबीची काचेची बोगद्यासारखी मार्गिका उत्तरेकडे तोंड करून आहे. मुलं त्यातून धावतातच. आत उत्तर ध्रुवीय प्रदेश आणि लाप्लांडचं जगणं मांडलेलं आहे, पण मोठ्या मुलांना मी आधी नेते ती गावाच्या दोन प्रतिकृतींकडे. एक दुसऱ्या महायुद्धाआधीचं रोव्हानिएमी, घरंदारं, गल्ल्या. दुसरं १९४४च्या शरद ऋतूतलं, जर्मन सैन्य माघार घेताना जाळून गेल्यानंतरचं. गावाचा सुमारे नव्वद टक्के भाग तेव्हा नष्ट झाला. दोन्हींत आपण आज जिथून चालत आलो ती जागा शोधायला सांगा. आमची मुलगी एरवी संग्रहालयात पाच मिनिटं टिकत नाही, इथे तिनं वीस मिनिटं काढली.

त्याला जोडूनच पुढची गंमत. युद्धानंतर गावाची नवी आखणी आल्वार आल्टो या वास्तुरचनाकारानं केली, ती रेनडियरच्या डोक्याच्या आकारात. रस्ते म्हणजे शिंगं आणि फुटबॉलचं मैदान म्हणजे डोळा. नकाशा मुलांच्या हातात द्या आणि डोळा हुडकायला लावा.

शेजारीच पिल्के हे जंगलाविषयीचं विज्ञान केंद्र आहे. लहान मुलांसाठी मला ते आर्क्टिकुमपेक्षा उजवं वाटतं. हात लावू नका असं तिथे कोणी म्हणत नाही. झाडं तोडणाऱ्या अवजड यंत्राच्या केबिनमध्ये बसून ते चालवल्याचा खेळ खेळता येतो आणि तिथून पोरांना उठवणं हेच काम होऊन बसतं. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आदल्या रात्री बघून ठेवा.

दुपारी वाचनालय. हसू नका. तेही आल्टोचंच, १९६५चं, आणि आत जायला पैसे लागत नाहीत. ओल्या टोप्या काढून, खोलगट वाचनकट्ट्यात उतरून, चित्रांची पुस्तकं घेऊन मुलं बसली की तुम्हालाही अर्धा तास श्वास घेता येतो. भाषा कळत नाही म्हणून चित्रांचं काही अडत नाही. इथे राहायला आला असाल तर पहिल्याच आठवड्यात वाचनालयाचं कार्ड काढा. हिवाळ्यातले शनिवार कसे काढायचे हा प्रश्न निम्मा सुटतो. कलेची आवड असेल तर जुन्या पोस्टबसच्या विटांच्या डेपोत थाटलेलं कोरुंदी कलादालन आहे, पण सहा वर्षांखालच्यांना घेऊन मी जाणार नाही.

दुसरा दिवस सांताचा

सांताचं गाव मध्यवस्तीपासून ८ किलोमीटर उत्तरेला, विमानतळाच्या जवळ आहे. रेल्वे स्टेशनवरून मध्यवस्तीतून जाणारी ८ नंबरची बस तिथे सोडते, टॅक्सीची गरज नाही. गावात शिरायला तिकीट नाही आणि सांताला भेटायलाही पैसे पडत नाहीत. पैसे पडतात फोटोचे. सांताच्या खोलीत स्वतःचा कॅमेरा चालत नाही. ते लोक फोटो काढतात आणि बाहेर येताना पडद्यावर दाखवतात. तो स्वस्त नसतो, आणि मुलांसमोर नाही म्हणणं त्याहून महाग पडतं. घ्यायचा की नाही हे रांगेत लागण्याआधी ठरवा.

डिसेंबरात ही रांग तासाच्या वर सहज जाते. दार उघडायच्या वेळी हजर राहा. एकानं रांग धरायची, दुसऱ्यानं मुलांना अंगणात खेळवायचं. मुलांना प्रश्न आधीच तयार करायला सांगा, कारण आत गेल्यावर बहुतेकांची बोबडी वळते. आमच्या भाच्यानं बसमध्ये सात प्रश्न पाठ केले होते. आत गेल्यावर त्यानं एवढंच विचारलं, की तुमच्या बुटांत पाय ओले होत नाहीत का.

अंगणातून आर्क्टिक वृत्ताची रेषा जाते. फिनिशमध्ये ‘नापापीरी’. तिच्यावर एक पाय इकडे, एक तिकडे असा फोटो सगळेच काढतात, तुम्हीही काढा. थोरल्या मुलांना मात्र खरं सांगायला हरकत नाही: पृथ्वीचा आस किंचित डुलत असल्यामुळे खरं वृत्त सध्या दरवर्षी थोडंथोडं उत्तरेकडे सरकतंय. रंगवलेली रेषा आहे तिथेच आहे.

तिथलं एक जुनं लाकडी घरही दाखवा. १९५० साली एलिनॉर रूझवेल्ट, अमेरिकेच्या दिवंगत राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी, युद्धानंतरची पुनर्बांधणी पाहायला येणार म्हणून ते घाईघाईनं उभारलं गेलं आणि तिथून या जागेची वर्दळ सुरू झाली. सांताचं गाव म्हणून ती १९८५ पासून ओळखली जाते.

पण या सगळ्यात माझी आवडती जागा पोस्ट ऑफिस. हे खरंखुरं, चालू पोस्ट ऑफिस आहे. जगभरातून सांताच्या नावानं येणारी पत्रं इथे देशांप्रमाणे खणांत लावून ठेवलेली दिसतात. इथून टाकलेल्या पत्रावर इथलाच खास शिक्का बसतो. पेट्या दोन आहेत. एकीतलं पत्र लगेच निघतं. लालपेटीतलं थांबून राहतं आणि पुढच्या नाताळाला पोचतं. मुलांना एक कार्ड आजी-आजोबांना लिहायला लावा, ते पहिल्या पेटीत. दुसरं त्यांनी स्वतःलाच लिहायचं, आज काय खाल्लं, कोण पडलं, कोण रडलं, आणि ते लालपेटीत. पत्ता मात्र तुम्ही घाला, आणि वर्षभरात घर बदलणार असाल तर आजीचा घाला.

दुपारी एकच्या आत परत फिरा. ज्यांना अजून हौस आहे त्यांच्यासाठी जवळच जमिनीखालच्या गुहेत सांतापार्क आहे. ते हिवाळी हंगामापुरतंच उघडतं आणि त्याचं तिकीट पडतं. दोन्ही एकाच दिवशी करू नका.

हस्की, रेनडियर आणि अरोरा

यांतलं एकच निवडायचं असेल तर वयावर जा. पाचच्या खालच्या मुलांना रेनडियरची छोटी फेरी बरी. गाडी संथ चालते, आवाज नसतो, पोर कातड्यात गुंडाळलेलं असतं. मोठ्यांना हस्की. निघण्याआधी कुत्री कान किटतील इतकं भुंकतात, जागच्या जागी उड्या मारतात. बिचकणारं मूल इथेच रडायला लागतं. त्याला आधीच सांगून ठेवा की गाडी सुटली की सगळे गप्प होतात. आणि खरोखर होतात, मग फक्त बर्फ कापल्याचा आवाज राहतो. वाऱ्यामुळे चेहरा झोंबतो, म्हणून नाकापर्यंत मफलर, आणि पहिल्यांदा दोन-चार किलोमीटरचीच फेरी.

रेनडियरवाल्याला ‘तुमच्याकडे किती रेनडियर आहेत?’ असं विचारू नका. इथे ते ‘बँकेत किती पैसे आहेत?’ विचारण्यासारखं समजतात. रस्त्याकडेला दिसणारे रेनडियरही रानटी नसतात, प्रत्येकाच्या कानावर मालकाची खूण असते. गाडी चालवत असाल तर वेग कमी करा, ते बाजूला व्हायची घाई करत नाहीत.

अरोराच्या रात्रीच्या सहली लहान मुलांसाठी पैसे वाया घालवणं आहे, असं माझं ठाम मत आहे. चार तास अंधारात, दिसेल याची खात्री नाही. त्यापेक्षा आर्क्टिकुमच्या मागच्या नदीकाठावर जा. उत्तरेकडे बऱ्यापैकी मोकळं आकाश मिळतं आणि दिसलं नाही तर पंधरा मिनिटांत घरी. ऑगस्टच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत संधी असते.

तिसरा दिवस टेकडीचा आणि शेकोटीचा

हा दिवस कोणत्याच यादीत नसतो आणि परतल्यावर मुलं याच दिवसाबद्दल बोलतात. नदीवरच्या पुलापलीकडे ओउनासवारा ही दोनेकशे मीटर उंचीची टेकडी आहे. स्कीइंगच्या धावपट्ट्या आहेत, पायवाटा आहेत, बर्फ नसताना रुळावरून घसरत येणारी गाडी आहे. पण लहानांना पुल्का आणि एक उतार मिळाला की झालं. चढताना मुलांना आपली गाडी आपण ओढू द्या, अंग गरम राहतं.

गाडी असेल तर गावापासून सुमारे २५ किलोमीटरवर वात्तुन्किकोंगास गाठा. नदीकाठच्या लाकडी पायवाटा, झुळझुळणारं पाणी, आणि मध्ये ‘लावु’. म्हणजे तीन बाजूंनी बंद, पुढून उघडा असा लाकडी आडोसा, समोर शेकोटीची जागा. अशा सार्वजनिक ठिकाणी सरपण बहुतेक वेळा ठेवलेलं असतं, पण काडेपेटी, चाकू आणि थोडे कागद तुमचे. ओंडका पेटत नाही, त्याच्या बारीक ढलप्या काढाव्या लागतात. बर्चची साल मिळाली तर ती ओलीही पेटते. उभ्या झाडाची साल मात्र सोलायची नाही. शेकोटीही नेमलेल्या जागीच करायची, आणि उन्हाळ्यात वणव्याचा इशारा असेल तर उघड्यावर अजिबात नाही.

भाजायला इथले लोक सॉसेज आणतात. शाकाहारी असाल तर दुकानातून ‘लेइपायुस्तो’ घ्या. भाकरीसारखं चपटं, डाग पडेपर्यंत भाजलेलं चीज, दाताखाली कचकच वाजतं. काडीवर धरून शेकोटीवर पुन्हा मऊ करायचं आणि वर रानातल्या पिवळ्या हिल्ला बेरीचा जाम. मुलांच्या दृष्टीनं त्याच्या आवाजातच निम्मी मजा आहे. ऑगस्टात आला असाल तर निळ्या बेरी वाटेच्या कडेलाच असतात. जंगल कोणाचंही असलं तरी बेरी वेचायचा हक्क इथे सगळ्यांना आहे. तोंडं निळी होतात, कपड्यांचे डाग निघत नाहीत.

थकून आल्यावर किंवा उणे तीस झाल्यावर वेसिहीसी हा गावचा पोहण्याचा तलाव. गरम पाण्यात मुलं खूश. फक्त रीत माहीत असू द्या: पाण्यात उतरण्याआधी सगळे कपडे काढून अंघोळ करायची, आणि सौनामध्ये, म्हणजे गरम वाफेच्या खोलीत, पोहण्याचे कपडे घालत नाहीत. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. पहिल्या वेळी आपल्याला अवघडल्यासारखं होतं, मुलांना काहीच वाटत नाही.

चौथा दिवस हाताशी असेल तर रानुआ

गावाच्या दक्षिणेला ८० किलोमीटरवर, १९८३ सालापासूनचं प्राणीसंग्रहालय. ध्रुवीय अस्वलं, लिंक्स नावाचं रानमांजर, मूस हे मोठं हरीण, घुबडं, सगळे उत्तरेकडचेच. साधारण तीन किलोमीटरच्या लाकडी मार्गावरून चालत बघायचं, त्यामुळे पुल्का बरोबर हवी. कुंपणं ऐसपैस आहेत. लिंक्स झाडाखाली बसलेला असतो आणि शोधल्याशिवाय दिसत नाही, म्हणून दुर्बीण न्या. तपकिरी अस्वलं हिवाळ्यात झोपलेली असतात, हे गाडीतच सांगून टाका.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. नळाचं पाणी प्या, विकत घेऊ नका. बाहेर जेवायचं तर कामाच्या दिवशी अकरा ते दोनच्या दरम्यान ‘लोउनास’ शोधा. ताटं वाढून घ्यायची, सूप-सॅलड-कॉफीसह, रात्रीच्या जेवणापेक्षा बरंच स्वस्त. शब्द चार पुरतात. ‘कास्विस’ म्हणजे शाकाहारी. ‘काना’ म्हणजे कोंबडी. ‘काला’ म्हणजे मासा; आपला काला दहीपोह्यांचा, इथला असा. आणि ‘पोरो’ म्हणजे रेनडियर. सकाळी ज्याच्या गाडीत बसलो तोच संध्याकाळी बटाट्याबरोबर ताटात का, हा प्रश्न मुलं विचारणार आहेत. उत्तर तुमचं तुम्ही ठरवून ठेवा.

परतीला हेलसिंकीची रात्रीची गाडी घेत असाल तर साधारण बारा तासांचा प्रवास आहे आणि दोन बर्थचे बंद डबे मिळतात. निघायच्या आदल्या रात्री बुटांतले नमद्याचे अस्तर काढून वाळत घाला. अनेक घरांत त्यासाठी गरम हवेचं कपाटच असतं. आणि सूट भाड्याचे असतील तर परत देताना खिसे तपासा. आमच्याकडच्या पाहुण्यांच्या सुटात एकदा अर्धा लेइपायुस्तो राहिला होता.